तात्यांचा चेंडा

आमच्या विट्यात ढोल वाजतो, हलगी वाजते. चेंडा मात्र एकट्या तात्यांच्या परड्यात वाजतो. संध्याकाळ झाली की तात्या तो उभा केरळी ढोल खांद्याला अडकवतात आणि दोन काठ्यांनी असा बडवतात, की दावणीची म्हैस पान्हा चोरते. त्यांच्या बायकोनं, इंदूकाकींनी, धारेची वेळ बदलली, पण नवऱ्याला कधी अडवलं नाही.

तात्या सोनं गाळणारे, म्हणजे गलाईवाले. या धंद्यापायी आमच्याकडची माणसं देशभर पांगली. तात्यांच्या वाट्याला त्रिशूर आलं. उभी हयात तिथं काढून परतले ते चेंडा, पांढरी लुंगी आणि एक वाक्य घेऊन : "आमच्या त्रिशूरला असं नसतंय!"

यात्रेत डीजे लागला की कानात बोटं घालून मला म्हणतात, "आवं मास्तर, ह्याला काय वाजवणं म्हंत्यात? आमच्या त्रिशूरला आधी हळू, मग जरा चढतं, मग आणिक चढतं. ऐकणाऱ्याला धीर पायजे!"

मल्याळम बोलायला गावात एकटा राजन टायरवाला, मूळचा केरळी. तात्या रोज चांगल्या टायरची हवा बघायला त्याच्याकडे जातात. ते मल्याळममध्ये विचारतात, तो विट्याच्या मराठीत उत्तर देतो. "तात्या, मी हितंच वाढलोय. घरातलं कळतंय, तुमचं जड मल्याळम मला झेपत न्हाई!"

गेल्या वर्षी राजनचं लग्न झालं. बायको अंबिका त्रिशूरकडची. मराठीचा शब्द येईना, दुकानामागच्या खोलीतून पोरगी बाहेर पडेना. ओणमच्या आदल्या दिवशी राजन म्हणाला, "सकाळी मिरजेच्या एसटीत बसवतो, तिथनं रेल्वेनं माहेरी. लय रडतीया. परत येती का न्हाई, ठावं न्हाई."

तात्या हवा न बघताच घरी आले. सकाळी मला हाक. काकींकडे झेंडूची पाटी, तात्यांच्या खांद्यावर चेंडा. दुकानापुढच्या ग्रीसनं माखलेल्या जागेवर काकींनी फुलांची रांगोळी मांडली. ओणमला तिकडे दारोदार तशी घालतात म्हणे.

"हे काय काढलंत, तात्या?"

"पयल्यांदा त्रिशूरला गेलो तवा मिसरूड फुटलं नव्हतं. भाषा कळंना. ओणमला घरमालकिणीनं हाताला धरून केळीच्या पानावर जेवाय बसवलं. पयल्याच घासाला रडलो, मास्तर. तिनं निस्ता पाठीवर हात ठेवला."

आणि वाजवू लागले. आधी अगदी हळू. दार किलकिलं झालं. अंबिका बॅग हातात घेऊनच उंबऱ्यावर आली. फुलांकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. लय चढली तशी बॅग खाली गेली. मल्याळममध्ये काहीतरी म्हणाली, तसे तात्या थांबून खळखळून हसले.

"काय म्हणाली रं?" मी राजनला विचारलं.

"म्हणती, घाई करताय. पयल्यापासनं वाजवा."

तात्यांनी लुंगीच्या टोकानं डोळे पुसले आणि पुन्हा हळू सुरुवात केली. त्रिशूरची माणसं वर हात करून ताल धरतात, तसा अंबिकाचा हात हवेत हलू लागला. तो बघून मिरजेची एसटी कचकन थांबली.

"येताय का?" कंडक्टर ओरडला.

राजननं बायकोकडे बघितलं. तिचं लक्षच नव्हतं.

"न्हाई, जावा तुमी," राजन म्हणाला. "ती ताल धरतीया."