पहिली खुंटी

पणजोबांनी लाकडी रॅकेटांना आतड्याची तात भरली, आजोबांनी त्याच लाकडाला नायलॉनची सवय लावली, वडिलांनी लाकूड, पोलाद आणि कार्बन हे तिन्ही जमाने एकाच यंत्रावर पार केले. आणि या तिघांच्या पुण्याईवर चौथ्या पिढीचा वारस, ज्याला एक्केचाळिसाव्या वर्षीही सारे ‘धाकटा’च म्हणत, टेनिस स्टेडियमच्या जिन्याखालच्या खोलीत बसून खेळाडूंच्या रॅकेटांचे गटिंग, म्हणजे तारा भरण्याचे काम, करीत होता.

या घराण्याचा एक दंडक होता. कुणाच्या रॅकेटला किती ताण हवा, हे कागदावर लिहायचे नाही. लिहून ठेवणारा विसरायला मोकळा होतो, असे पणजोबांचे मत. त्यामुळे दुकानाची वही म्हणजे धाकट्याची आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाई दाराशी ताठ पाठीच्या खुर्चीत बसत, फोन घेत, आकडे ध्यानात ठेवीत आणि तयार झालेल्या प्रत्येक रॅकेटची तार नखाने छेडून, नाद ऐकून मगच ती बाहेर जाऊ देत. त्यांच्या स्मरणशक्तीविषयी शंका घेण्याचे धाडस आजवर एकट्या जावयाने केले होते. तेव्हापासून ते सासुरवाडीला आले की फक्त हवापाण्याविषयी बोलत.

भिंतीवर बारा खुंट्या होत्या आणि पहिली कायम रिकामी असे. एकतीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या शेवटच्या गुणावर एका होतकरू खेळाडूची तार तुटली आणि हातातोंडाशी आलेला सामना गेला. तार वडिलांनी भरलेली होती. तो खेळाडू एका शब्दाने रागावला नाही; तुटलेल्या तारेचा तुकडा खिशात घालून निघून गेला. वडील मात्र दारापर्यंत त्याच्यामागे गेले आणि म्हणाले, “एक सामना तुमचा आमच्याकडे राहिला.” त्यानंतर त्यांनी ती खुंटी मोकळी ठेवली आणि त्यांच्या पश्चात आईंनीही. धाकट्याने एकदा तिच्यावर टोपी अडकवली होती. त्या टोपीचे पुढे काय झाले ते त्याला अजून कळलेले नाही.

यंदाची गोष्ट निराळी होती. संगणकावर चालणारी यंत्रे आणणारी एक कंपनी या खोलीवर डोळा ठेवून होती, आणि स्पर्धेच्या व्यवस्थापकांनी धाकट्याला बजावले होते की एक जरी तक्रार आली तरी पुढच्या वर्षी खोली त्या कंपनीला दिली जाईल. सुदैवाने दुसऱ्या फेरीपर्यंत कुणी तक्रार केली नव्हती. त्या सकाळी गेली तीन वर्षे ही स्पर्धा जिंकणाऱ्या विजेत्याच्या सहा रॅकेटा आल्या, आणि त्याच्याशी खेळणार असलेल्या एकोणीस वर्षांच्या एका पात्रता फेरीवाल्या पोराच्या तीन. पोरगा इतका उंच आणि किडकिडीत होता की रखवालदाराने त्याचे नाव ‘शिडी’ ठेवले होते. फोन आईंनी घेतले आणि आकडे सांगितले: विजेत्याला पंचवीस किलो ताण, शिडीला बावीस. धाकट्याने मुकाट्याने नऊ रॅकेटा भरल्या, आईंनी नऊ वेळा नख लावले आणि रॅकेटा रवाना झाल्या.

सामन्याला दहा मिनिटे असताना धाकटा पाणी प्यायला बाहेर पडला, तर नळाशी शिडी उभी. पोराला धीर द्यावा म्हणून त्याने विचारले, तार ठीक बसलीय ना.

“बसली असणारच,” पोरगा म्हणाला. “पंचवीस सांगितली होती मी.”

धाकट्याच्या हातातला पेला तिथेच राहिला. पंचवीस पोराची, म्हणजे बावीस विजेत्याची. म्हणजे आईंनी आकडे उलटे सांगितले. ज्या दुकानात चार पिढ्यांत ताणाची चूक झाली नव्हती, तिथे ती झाली आणि तीही विजेत्याच्या बाबतीत. आईंना विचारणे हा सरळ मार्ग होता. पण जावयाचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. शिडीला गाठून सांगावे, तर तोवर दोघे कोर्टवर गेले होते, आणि कोर्टच्या दाराशी रखवालदार आडवा झाला. खेळाडूने मागितल्याशिवाय आत सुतळीचा तोडाही नेता येणार नाही, असे त्याने ऐकवले.

वर पहिला सेट शिडीने घेतला. टाळ्यांचा प्रत्येक गडगडाट जिन्यातून खाली येऊन धाकट्याच्या टाळूवर पडत होता. दुसरा सेट विजेत्याने ओढून आणला, पण त्या भरात त्याची एक तार तुटली आणि ती रॅकेट खाली आली. निरोप एवढाच होता: नेहमीसारखी भरा.

आता नेहमीसारखी म्हणजे कशी, हा प्रश्न धाकट्याला पडला. त्याने आईंकडे पाहिले.

“पंचवीस,” आई म्हणाल्या. “सकाळी सांगितलंय.”

आयुष्यात प्रथमच त्याने आईंचा शब्द मोडला आणि पाठ वळवून बावीसवर तार ओढली. वीस मिनिटांत रॅकेट तयार झाली. तो ती घेऊन दारातून सटकणार, एवढ्यात आईंची काठी आडवी आली. आईंनी रॅकेट मांडीवर घेतली, नख लावले आणि परत केली.

“ही त्याची नव्हे.”

“आई,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “तुझी जरा गल्लत झाली असेल सकाळी. होते कधी कधी.”

वर पंचाने गुण पुकारला.

“तुझ्या वडिलांनी हे वाक्य लग्नानंतर एकदा म्हटलं होतं,” आई म्हणाल्या. “काप ती तार.”

त्याने ती कापली. पंचवीसवर नवी तार ओढली, आईंनी नाद ऐकून मान हलवली आणि रॅकेट वर गेली. मग तो स्टुलावर बसून व्यवस्थापकांपुढे काय बोलायचे ते मनात जुळवू लागला. वाक्य नीट जमेना. आईचे नाव न घेता चूक कबूल करायची, तर आकडे उलटे झाले कसे हे सांगावे लागणार होते. तो दुसऱ्यांदा सुरुवात करीत होता, तोच जिन्यावरून लोंढा उतरू लागला. रखवालदाराने डोके आत घालून सांगितले की शिडी जिंकली.

पाठोपाठ विजेता स्वतः दारात उभा राहिला. हातात तीच रॅकेट होती. धाकटा उठला.

“चूक माझी आहे,” त्याने सुरुवात केली. “तुमच्या तारेचा ताण...”

“तंतोतंत होता,” विजेता दमल्या आवाजात म्हणाला. “अडीच तास खोट शोधतोय. रॅकेटमध्ये सापडली असती तर बरं झालं असतं. ते पोरगं चांगलं खेळलं, दुसरं काही नाही.” मग तो आईंकडे वळला. “आजी, त्याला किती भरली होती?”

“एकाचं माप आम्ही दुसऱ्याला सांगत नाही.”

विजेत्याने हसून हात जोडले. पुढच्या वर्षीही याच खोलीत गटिंग करून घेणार, असे व्यवस्थापकांना सांगायलाच तो निघाला होता. धाकटा मनात आकडे जुळवू लागला. विजेत्याचा आकडा पंचवीस आणि पोरानेही पंचवीसच मागितलेला, तर मग बावीस आला कुठून?

तेवढ्यात पोरगा वाकून आत आला, आणि त्याच्यामागे पांढऱ्या केसांचा त्याचा प्रशिक्षक.

“बघा, म्हटलं नव्हतं?” पोरगा प्रशिक्षकाला म्हणाला. “तो पंचवीस घेतो, म्हणून मीपण पंचवीसच घेणार. आकड्यातच सगळं आहे.”

“आहे खरं,” प्रशिक्षक म्हणाला आणि त्याने पोराला अंघोळीला पिटाळले. मग तो आईंसमोर वाकला. “फोनवर एवढंच म्हणालो होतो की पोरगा पंचवीस म्हणतोय, तुम्ही योग्य वाटेल ते करा.”

“चार दिवस सरावात बघतेय त्याला. फटके सगळे जाळ्यात. दुसऱ्याची चप्पल घालून पळत होतं पोर. मी ताण उतरवला.” आईंनी काठी बाजूला ठेवली. “आणि मला वहिनी म्हणणारं आता आहे कोण? पहिल्या हाकेलाच ओळखलं तुम्हाला.”

प्रशिक्षकाने खिशातून कागदाची पुडी काढली. आत एकतीस वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला तारेचा तुकडा होता. त्याने तो आईंच्या तळहातावर ठेवला.

“फिटला तुमचा सामना?” आईंनी विचारले.

“पुरेपूर, वहिनी.”

तो गेल्यावर आई बराच वेळ तो तुकडा बोटांत फिरवीत बसल्या. मग त्यांनी तो केराच्या डब्यात टाकला आणि चष्मा पुसला. दारात दुसऱ्या दिवशीच्या सामन्याच्या रॅकेटा येऊन पडल्या होत्या.

“उभा काय राहिलास, धाकट्या?” त्या म्हणाल्या. “खुंट्या कमी पडतायत. पहिलीपासून लाव.”