चौसष्ट पानांची खरखर

बकुळाबाई नांद्रेकर जाऊन एकतीस वर्षं झाली होती आणि त्यांची ध्वनिफीत आता संवाद विसरू लागली होती.

नभोवाणी केंद्राचं तसं रीतसर पत्रच आलं मिरजेला, तात्या केसकरांच्या नावे. ‘सदर ध्वनिफीत पहिल्या अंकातील चौथ्या वाक्यानंतर थांबते व वाट पाहते. आपण संबंधित कलावतीचे प्रॉम्प्टर होता, तरी वहीसह उपस्थित राहावे.’

तात्यांनी पत्र दोनदा वाचलं. फीत थांबते याचं त्यांना काही वाटलं नाही. माणसं थांबतात, मग फितीनं काय घोडं मारलंय? पण बाई अडल्या? छे! एकोणीस वर्षं तात्या वही घेऊन विंगेत बसले आणि एकोणीस वर्षांत बाईंनी त्यांच्याकडून एक अक्षर घेतलं नाही. कधी विंगेकडे मान वळवली नाही. कंपनीतली मंडळी चिडवायची, “तात्या, तुम्ही नसतात तरी नाटक झालं असतं हो!” तात्या हसून घ्यायचे. ते बोलणं ब्याऐंशीव्या वर्षीही त्यांना टोचत होतं. त्यांनी वही पिशवीत घातली आणि निघाले.

केंद्रात रुख्साना मुजावर ही अभियंता काळजीत बसली होती. “रविवारी सकाळी दहाला जन्मशताब्दीचं प्रसारण आहे, तात्या. बाई अशा गप्प राहिल्या तर लोक म्हणतील, म्हातारी विसरली.”

“म्हातारी नाही,” केंद्रप्रमुख भोकरे साहेबांनी दुरुस्ती केली. “फितीत त्या चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. पत्रव्यवहारात तसंच लिहा.”

फीत लावली. नाट्यगृहात प्रत्यक्ष प्रयोग चालू असताना घेतलेली. बाई चार वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. श्वास ऐकू येत होता. एकदा बांगड्या वाजल्या.

“अशा तासन् तास उभ्या राहतात,” रुख्साना म्हणाली. “काल मी जेवून आले, तरी तिथंच.”

तात्यांनी चष्मा चढवला आणि जुन्या रिवाजानं पुढच्या पानावरच्या वाक्याचे पहिले दोन शब्द पाठ होते तसे दिले. नुसते, कोरडे. प्रॉम्प्टरनं शब्द द्यायचे, भाव द्यायचा नाही. बाई गप्प. तात्यांनी पुन्हा दिले. स्पीकरमधून स्पष्ट आवाज आला, “च्!”

तात्या चरकले. “अहो, हिला वाक्य येतंय! ही अडलेली नाही. ही कशाची तरी वाट बघतेय.”

“कशाची?” भोकरे साहेबांनी टिपण्यासाठी पेन काढलं.

ते तात्यांना तरी कुठं ठाऊक होतं? पुढं काही सूचना लिहिलीय का, हे बघायला त्यांनी अंगठा जिभेला लावून पान उलटलं. आणि बाई बोलू लागल्या. खणखणीत! पान संपेपर्यंत बोलल्या आणि थांबल्या. तात्यांनी पान उलटलं. बाई पुढं निघाल्या.

रुख्सानाचा चेहरा पडला. “तात्या, चूक माझी आहे. मायक्रोफोन विंगेशी टांगलेला होता, मागं दर थोड्या वेळानं एक खरखर यायची. शताब्दीसाठी फीत साफ करताना मी ती पार पुसून टाकली.”

“खरखर नव्हती ती, पोरी,” तात्या म्हणाले. “तो मी होतो.”

पुसलेलं परत आणता येत नव्हतं. तेव्हा भोकरे साहेबांनी फाइलवर शेरा मारला, ‘प्रॉम्प्टर समक्ष हजर ठेवावा,’ आणि रविवारी दहाला तात्या वहीसह माइकसमोर बसले. पानं चौसष्ट होती.

पन्नासाव्या पानाशी भोकरे साहेब वाकून कुजबुजले, “तात्या, तुमच्या पश्चात काय व्यवस्था—”

स्पीकरमध्ये बांगड्या खाडकन वाजल्या. विंगेत बोललेलं बाईंना कधी खपत नसे. साहेबांनी स्पीकरकडे वळून माफी मागितली.

पुढचं पान तात्यांनी मुद्दाम जरा सावकाश उलटलं. बाई त्यांच्यासाठी थांबल्या.