वळखीच्याचा घास

सिहोऱ्याच्या बाजारात बोकड दिसला की सुखदेवजी छत्री उघडत. ऊन आहे की आभाळ आहे, याच्याशी छत्रीचा काही संबंध नसे. बोकड उजवीकडे असला की छत्री उजव्या खांद्यावर आडवी, डावीकडे असला की डाव्या. दोन्हीकडून आले तर छत्री तोंडासमोर धरून मान खाली घालून चालत, आणि अशा चालण्यापायी एकदा ते भजीवाल्याच्या परातीत बसता बसता वाचले होते. नव्या माणसाला वाटे, यांना बोकडाची भीती असावी, नाहीतर किळस. तसलं काही नव्हतं. त्यांना मटण अतिशय आवडे. ते सुखानं खाता यावं म्हणूनच ही छत्री होती.

पंच्याहत्तर सालच्या आसपास मी लग्न होऊन तुमसरहून सिहोऱ्याला आले. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. आमच्या घराला लागून सुखदेवजींचं घर, मधे कमरेएवढी मातीची भिंत. गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या खाली त्यांच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं होती. घरात ते आणि त्यांची बायको यमुनाबाई, दोघंच. एकुलती लेक लीला कारध्याला दिली होती. मला ते पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणाले, आणि मीही त्यांना मामाजी म्हणू लागले, आमच्याकडे सासऱ्याला म्हणतात तसं.

माझं माहेर व्यापाऱ्याचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत न येणारं. शेजारी रस्सा शिजला की मी खिडकी लावून घेई. मामाजींनी ते पाहिलं आणि भिंतीवर कोपर टेकवून मला आपला नेम समजावून सांगितला.

"सूनबाई, मी सगळं खातो. फक्त वळखीच्याले खात नाही."

"म्हणजे?"

"ज्याचं तोंड मी पाहिलं अन् ज्यानं माहं तोंड पाहिलं, त्याची अन् माही वळख झाली. वळख झाली, विषय संपला. वळखीच्याचा घास उतरत नाही."

या एका नेमानं यमुनाबाईंना जन्मभर छळलं होतं. त्यांना कोंबड्यांचा भारी नाद. पण अंगणातली एकही कोंबडी त्यांच्या चुलीवर चढली नाही, कारण सकाळी दात घासताना मामाजींनी तिला पाहिलेलं असे. मग यमुनाबाई पाहुणे यायच्या दिवशी आपली कोंबडी गल्लीपलीकडे बुधाबाईला देत आणि तिची आपल्याकडे आणत. एकदा रस्सा वाढून झाला, मामाजींनी भात कालवला, आणि सहज विचारलं, "कोणाची होय?"

"बुधाबाईची."

"लाल? लंगडत चाले ते?"

यमुनाबाई चूल फुंकू लागल्या. मामाजी ताटावरून उठले, हात धुतले आणि दारात जाऊन उभे राहिले. "बोडीवर रोज दिसे मले," एवढंच म्हणाले. यमुनाबाईंनी पळी भांड्यात आपटली. "गावात तुमच्या वळखीचं नाही असं कोण उरलं आता? परगावची कोंबडी आणू काय, मोटारीनं?"

आणि खरंच, पुढे परगावहून येऊ लागली.

मासोळ्यांना मात्र नेम लागू नव्हता. पावसाळ्यात बांधीतून पाणी वाहू लागलं की मामाजी तिथे जाळं लावून बसत. मी विचारलं, मासोळीला तोंड नसतं का? ते विचारात पडले. मग म्हणाले, "आहे ना. पण ते पापणी लववत नाही, सूनबाई. आपल्याकडे पाहून राहिली का पल्याड पाहून राहिली, समजतच नाही. वळख दोघाईकडून लागते."

आमच्या ह्यांना ही असली अर्धवट नीती पटत नसे. एका रविवारी चहा घेता घेता त्यांनी मामाजींना धरलंच. "सुखदेवजी, खायचं तर सगळं खा, नाहीतर सगळं सोडा. जीव तर दोन्हीकडे सारखाच. छत्री आड धरल्यानं त्या बोकडाचं दुखणं कमी होते काय?"

मामाजींनी बशी खाली ठेवली. "गुरुजी, तुमची पोरगी तापली तं तुम्ही शाळेत जात नाही. अन् शाळेतलं पोर तापलं तं त्याच्या बापाले म्हणता, अर्ज आण. ताप तं दोन्हीकडे सारखाच."

हे हसले, पण मामाजी हसले नाहीत. ते पुढे बोलले, आणि ते बोलणं मला अजून आठवतं. "हे बरोबर आहे असं मी कुठं म्हणून राहिलो? मले समजते. पण सगळ्याइची माया केली तं माणूस जगन कसा, अन् कोणाचीच नाही केली तं जगन कायले? म्हणून मी कमी वळखी ठेवतो. जेवढ्या निभतील तेवढ्याच."

मला नेहमी वाटे, हे त्यांनी फक्त कोंबड्या-बोकडांपुरतं केलं नव्हतं. माणसांतही ते कमीच मिसळत. ओसरीवर बसायला येणारं असं कुणी नव्हतं.

लीलाचं पहिलं बाळंतपण फार अवघड गेलं. लेकरू आडवं होतं. यमुनाबाई कारध्याला लेकीजवळ होत्या, आणि तिथूनच त्यांनी मनातल्या मनात गावच्या मातामाय देवीला बोकड कबूल केला. लेकरू सुखरूप झालं. मुलगा. यमुनाबाई परत आल्या त्या एक करडू काखेत मारूनच. काळं, कपाळावर तेवढं पांढरं. येता येता ते मातामायच्या पायावर टेकवून आणलं होतं. नातवाच्या जावळाला ते द्यायचं ठरलं.

मामाजी तेव्हा आमच्या भिंतीपाशी उभे होते. करडाचा आवाज आला तरी ते वळलेच नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "काहून आणला घरात? त्या दिवशी बाजारातून आणता आला नसता?"

"मायच्या नावाचा घरीच वाढवा लागते."

"मंग नाव नको ठेवू त्याचं."

"नाही ठेवत."

"अन् मागच्या अंगणात बांध."

नाव नाही ठेवलं. पण यमुनाबाई त्याला "आऽ रे, आऽ रे" अशी हाक मारत, आणि ते कुठे असेल तिथून धावत येई. भाताची पेज, भाजीची देठं, सगळं त्याला. मामाजी मागच्या अंगणात जाताना आता घरातल्या घरात छत्री उघडू लागले. आंघोळीच्या दगडाकडे छत्री धरून निघालेला उघडा माणूस पाहून मला हसू आवरत नसे. यमुनाबाई म्हणत, "पाहा व सूनबाई, नवरदेव चालला!"

त्या पावसाळ्यात धानाची रोपं लावायच्या रोवणीवरून यमुनाबाई तापानं फणफणत आल्या. गावात औषध झालं, मग बैलगाडीतून तुमसरच्या दवाखान्यात नेलं. रोवणी संपायच्या आत त्या गेल्या.

लोक चार दिवस आले आणि मग आपापल्या चिखलात परतले. धान कुणाचं थांबत नाही. मामाजींचंही थांबलं नाही. ते बांधीत जात, संध्याकाळी येत, स्वतःच भात टाकत. मी कधी भाजी दिली तर घेत, पण बोलणं पार कमी झालं. मागच्या अंगणातला बोकड आता चांगला मोठा झाला होता. त्याला चारा कोण घालतं, हे मी पाहायला गेले नाही. घालणारं दुसरं कोण होतं?

दिवाळीनंतर लीला लेकराला घेऊन आली. लेकरू वाळलेलं, आल्यापासून किरकिर करत होतं. त्याला अधूनमधून ताप येई, आणि तिच्या सासरी एकच बोलणं चाललं होतं, कबूल केलेलं फेडलं नाही म्हणून माय कोपली. लीला भिंतीपाशी माझ्याजवळ रडली, मग बापापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, जावळ उरकून टाकू."

"उरकू. मी दुसरा बोकड आणतो. तुमसरच्या बाजारातून, चांगला मोठा."

"दुसरा कसा चालन? आईनं हाच मायच्या पायावर टेकवला."

मामाजी छत्रीची काडी सरळ करू लागले.

"तुमचा नेम तुमच्यापाशी, बाबा. माहं एकच लेकरू आहे. अन् शब्द आईचा आहे. आई आता येऊन बदलवणार आहे काय?"

मी भिंतीच्या अलीकडे धान पाखडत होते. सूप थांबवून मी मामाजींकडे पाहिलं. ते लीलाकडे पाहत नव्हते, तिच्या कडेवरच्या पोराकडे पाहत होते. पोरानं त्यांच्याकडे पाहून हात पुढे केला. मामाजींनी त्याचं बोट धरलं आणि म्हणाले, "बुधवारी करू."

मातामायचं ठाणं गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली होतं, शेंदूर लावलेले दगड आणि भोवती मोकळी जागा. पोराचं जावळ झालं. एकीकडे चुलीवर भात शिजत होता. मी जाणार नव्हते, पण लीलाजवळ आईच्या जागी कुणी तरी हवं म्हणून गेले आणि तिच्या पाठीशी बसले.

तिथली रीत अशी की आधी बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की मायनं तो घेतला. झाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मायच्या भगतानं, पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं. बोकड उभाच. पुन्हा शिंपडलं. त्यानं कान हलवले आणि सावकाश चालत जाऊन मामाजींच्या पायाला अंग घासून उभा राहिला. मामाजी छत्री आड धरून दुसरीकडे पाहत होते.

लोक थांबले. ऊन चढलं. कुणी म्हणालं, पाणी थंड नाही, विहिरीचं आणा. आणलं. तांब्याभर पाणी पाठीवर ओतलं तरी बोकड तसाच, पाण्यानं निथळत, मामाजींच्या धोतराला टेकून. बायका कुजबुजू लागल्या. लीलाच्या सासूनं कपाळाला हात लावला, "माय घेऊन नाही राहिली व." लीलानं पोराला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

भगत म्हणाला, "सुखदेवजी, तुमच्या घरचा आहे. तुम्हीच सांगा त्याले."

मामाजींनी छत्री मिटली आणि बाजूला ठेवली. खाली उकिडवे बसले, दोन्ही हातांत बोकडाचं तोंड धरलं आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडे सरळ पाहिलं. आम्हाला वाटलं, पहिल्यांदाच पाहत आहेत.

"हे पाह्य बाप्पा," ते म्हणाले. आवाज एवढा हळू, की मागच्यांना ऐकू गेला नसेल. "तिनं तुले शब्दात घातलं. त्या लेकरासाठी. ते असती तं तिच्याशी भांडलो असतो. ते नाही. मले तिचा शब्द मोडता येऊन नाही राहिला. राग धरजो, पण माह्यावर धर. लेकरावर नको."

बोकडानं डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. पाण्याचे थेंब मामाजींच्या तोंडावर उडाले. लोकांनी मातामायचा जयजयकार केला. मामाजी तिथून हलले नाहीत. भगतानं दूर व्हायला सांगितलं तरी त्यांनी हात काढला नाही, शेवटपर्यंत मानेवर ठेवला. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी मिटले नाहीत, असं लीलानं मला नंतर सांगितलं.

दुपारी पंगत बसली. मामाजी पत्रावळीवरून उठून जातील, याची गावाला खात्री होती. वाढणारा त्यांच्यापाशी येऊन घुटमळला. मामाजी म्हणाले, "वाढ." त्यांनी एक फोड भातासोबत तोंडात घातली, सावकाश चावली, गिळली. पुढे काही घेतलं नाही, पण पंगत उठेपर्यंत बसून राहिले. तो त्यांच्या आयुष्यातला मटणाचा शेवटचा घास. त्यानंतर ना वळखीच्याचं, ना परक्याचं. मासोळीसुद्धा नाही.

दिवेलागणीला मी वरण-भात झाकून त्यांच्याकडे नेला. लीला पोराला घेऊन सासरच्यांबरोबर गेली होती. मामाजी मागच्या अंगणात, यमुनाबाई आजारी असताना पडत त्या खाटेवर बसले होते. मी ताट ठेवलं, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मामाजी, तुम्ही खाल्लं कसं?"

"पंगतीत एवढे लोक होते, सूनबाई. त्याले वळखणारा मी एकटा. मी उठलो असतो तं तो सगळ्या परक्याइच्याच तोंडी गेला असता."

"पण आजच तर तुम्ही त्याला पाहिलं."

त्यांनी मान हलवली. "यमुना गेली त्याच दिवशी वळख झाली. तुम्ही सारे घरी गेले अन् हा इथं, या खाटेपाशी येऊन ओरडाले लागला. दिवे लागले का रोज ओरडे. यमुना हाक मारे ना याच वेळी त्याले. मी म्हणो, नाही रे, ते नाही आता. तो गप्प बसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज सांगा लागे." त्यांनी रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. "सांगून सांगून मलेही थोडं खरं वाटाले लागलं होतं. आता कोणाले सांगू?"

घरी चुलीवर दूध होतं, हे शाळेतून आले असतील, सगळं माझ्या लक्षात होतं. मी पदर सावरून खाटेसमोर जमिनीवर बसले.

"मले सांगा, मामाजी."

अंगणात अंधार उतरत होता. मग खाटेची दोरी हातानं नीट करत ते म्हणाले, "ते नाही आता, सूनबाई."