बासष्ट टक्के घरटं

एका जंगलात विहिरीवर झुकलेली एक बाभूळ होती. तिच्यावर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. बाळांनो, या वस्तीत घरटं नवरा विणतो आणि नाव बायकोचं होतं. असं फक्त जंगलातच घडतं.

तिथली पद्धत अशी. नराने घरटं अर्धं विणायचं आणि थांबायचं. मग मादीने आत बसून गवताचं एक पातं चोचीने ओढायचं. निघालं नाही तर ‘हो’ म्हणायचं. झालं लग्न.

हळदी नावाच्या तरुण सुगरणीची चोच यात तयार होती. एकदा ओढलं की तिला कळायचं. मैत्रिणी बघायला जाताना तिला सोबत न्यायच्या.

तिची स्वतःची वेळ आली, त्याच वर्षी घुबडसरांनी विवेकवर्ग काढला. घुबडसर दिवसा डोळे मिटून शिकवत, त्यामुळे ते फार खोल विचार करतात असं वाटे.

“खात्री वाटते म्हणजे खरं असतंच असं नाही,” सर म्हणाले. “आपली खात्री शंभरात किती, ते आधी मोजा.”

तीन दिवसांत हळदीची खात्री गेली आणि प्रमाणपत्र आलं.

चौथ्या दिवशी ती वेळू नावाच्या नराचं घरटं बघायला गेली. वेळू तिला आधीपासून बरा वाटत होता. तिने एक पातं ओढलं. घट्ट होतं.

“पसंत?” वेळूने विचारलं.

“एका पात्यावरून सगळ्या घरट्याचं कसं ठरवणार?” म्हणत तिने दुसरं ओढलं. मग तिसरं. एकतिसाव्याला घरट्याची एक बाजू सुटली.

“बघा, सुटलं,” हळदी म्हणाली.

“तुम्ही सोडवलंत.”

“तीही एक शक्यता आहे.”

वेळूने पुन्हा विणलं. हळदीने पुन्हा तपासलं. असं चार वेळा झालं. तिकडे ज्वारीत दाणा भरू लागला. वस्तीत इतरांची पिल्लं चिवचिवू लागली. हळदीची अंडी काही विचार करून थांबणार नव्हती. आठवड्यात घर मिळालं नाही, तर ती अंडी उघड्या फांदीवरून थेट विहिरीत जाणार होती.

“विचार करून कुणाचं लग्न झालंय का गं?” हळदीची मावशी म्हणाली. “मी एक पातं ओढलं आणि हो म्हटलं. शंभर टक्के.”

त्याच दुपारी वारा सुटला आणि मावशीचं घरटं विहिरीत पडलं. अंडी अजून घातली नव्हती म्हणून बरं.

“मला वाटलंच होतं,” मावशी म्हणाली. तेही शंभर टक्के.

हळदी घाबरून सरांकडे गेली.

“सर, माझी खात्री बासष्टच्या वर जात नाही. तुम्ही तुमचं घर कसं निवडलंत?”

सरांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. “ही ढोली होय? सुतार पक्षी सोडून गेला होता. आमच्या घरच्या बाई म्हणाल्या, चला. आलो.”

“तपासली नाही?”

“बाई समोर उभ्या होत्या.”

हळदी परत आली. वेळू पाचव्यांदा विणून दमून बसला होता.

“खरं सांगू का,” तो म्हणाला, “तुमच्या नादाने आता मलाच खात्री नाही. डावी बाजू पडेलही कदाचित.”

आजवर कुठल्याही नराने स्वतःच्या घरट्याबद्दल असं म्हटलं नव्हतं. हळदीने चोच पुढे केली, मग मागे घेतली.

“हो,” ती म्हणाली. “बासष्ट टक्के.”

“आणि उरलेले अडतीस?”

“डावी बाजू दुहेरी विण.”

त्याने विणली. घरटं अजून आहे. वारा आला की हळदी हळूच आकडा बदलते. कधी साठ, कधी पासष्ट. वेळू विचारत नाही.

लग्नाळू पोरी मात्र आता हळदीला सोबत नेत नाहीत. ती “बहुधा” म्हणते. त्या मावशीला नेतात.

तात्पर्य : बाळांनो, विचार करायला जरूर शिकावं, पण सल्ला मावशीचाच घ्यावा. घरटं विहिरीत गेलं तरी तिची खात्री फांदीवरच असते.