पालक पाहिजे, गावरान

माझा चेहराच असा आहे, की मी खरं बोललो तरी समोरचा आधी आपला खिसा चाचपतो. (आमची बायको धुरपताबाई म्हणते, चेहऱ्याला कशाला बोल लावता, त्यानं काय केलं?) म्हणून नातीला विद्यापीठात पोचवायला जायचं ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, आज दिवसभर मजाक बंद. बस, एवढाच निर्णय. पुढचं सगळं रामायण त्यातनं झालं. रोजच्यासारखा वागलो असतो तर निभावलं असतं.

नात म्हणजे लुंबिनी. आमच्या इस्लापूरच्या घरातून एम.एस्सी.ला लागलेली पहिलीच. मी स्वतः सहावीपर्यंत शिकलो, म्हणजे सहावीच्या दारापर्यंत. आत गेलो नाही. तिचा बाप प्रीतम हे आमचंच पोरगं, पण भित्रं निघालं. त्याला रजा नव्हती. त्यानं मला बाजूला घेऊन बजावलं, की आज होस्टेलात खोली मिळाली तर ठीक; नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं पोरीला परत आणा, नांदेडात भाड्याच्या खोलीत एकटी ठेवायची नाही, किनवटचं कॉलेज काय वाईट आहे? लुंबिनी दाराआडून ऐकत होती. नुसती बॅग उचलून तिनं ऑटोत अशी आदळली, की ती बॅग आता माघारी यायची नाही हे ऑटोवाल्यालाही कळलं.

विद्यापीठ म्हणजे मला वाटलं, हायस्कूलचा थोरला भाऊ असेल. इथं तर गेटातून आत शिरलो आणि चालतोच आहे. आमचं इस्लापूर, शेजारचं हिमायतनगर आणि मधला सगळा माळ आत ठेवला तरी कोपऱ्यात जागा उरेल. जिथं पाहावं तिथं इमारतीवर 'संकुल' लिहिलेलं. एका पोराला विचारलं, बाबा, लेडीज होस्टेल कुठं आलं? त्यानं माझ्या पांढऱ्या मिशांकडं नीट पाहून विचारलं, "कोणासाठी?" (मजाक बंद होती म्हणून वाचला.)

होस्टेलच्या गेटावर नीलाबाई नावाची बाई स्टूल टाकून बसली होती. गेटालगतच ऑफिस, तिथवरच पुरुषांना जाता येतं. आत रेक्टर मॅडम. त्यांनी लुंबिनीचे सगळे कागद पाहिले, मार्क पाहून मान डोलावली, आणि मग म्हणाल्या, "स्थानिक पालक कुठे आहेत?"

आता पालक म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, शाळेच्या पालकसभेला मी दरवर्षी चहासाठी जात होतो. पण जीभ जुनी खोडकर. "मॅडम," मी म्हणालो, "नांदेडचा पालक चांगलाच असंल, पण आमच्याकडची मेथी खाऊन पाहा." (ही मजाक धरू नका. ही खोकल्यासारखी येते.)

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, नांदेडात राहणारं, मुलीची जबाबदारी घेणारं माणूस पाहिजे. पाचच्या आत आणा. नाही आणलं तर खोली पुढच्या मुलीला.

लुंबिनीनं माझ्याकडं पाहिलं. ती आजीच्या वळणावर गेलेली आहे, जास्त बोलत नाही, पाहते.

अख्ख्या नांदेडात माझ्या ओळखीचा एकच माणूस, मलप्पा. मूळचा उदगीरचा. हिमायतनगरच्या बाजारात भाजी विकत होता आणि मी जंगलखात्यात चौकीदार होतो तेव्हापासूनची दोस्ती. आता नांदेडच्या भाजी मार्केटात त्याची मोठी आडत आहे. दोस्ती पक्की, फक्त तो माझा फोन उचलत नाही. कारण मागं एकदा मी साहेबाच्या आवाजात फोन करून, रेस्ट हाऊसवर मंत्री येणार म्हणून पोतंभर कारली मागवली होती. मंत्री आला नाही. कारली आली.

म्हणून लुंबिनीच्या फोनवरून लावला. ठरवलं, आज सरळ बोलायचं, अदबीनं बोलायचं. मी इतक्या अदबीनं बोललो की त्याला माझा आवाजच ओळखू आला नाही. नाव सांगितलं, पण त्याच वेळी त्याच्या मागं कोणीतरी टमाट्याची बोली ओरडत होतं.

"मलप्पा शेठ, विद्यापीठातून बोलून राहिलो. लेडीज होस्टेल. इथं लोकल पालक पाहिजे, पाचच्या आत."

"लोकलच?"

"बाहेरचा मॅडम घेत न्हाईत. लई कडक हायत."

"आपल्याकडं एकदम गावरान हाय, फिकर करू नका. किती लागंल?"

मला वाटलं, शेठ खुशीत येऊन स्वतःलाच गावरान म्हणून राहिला. म्हटलं, "एकच बस झाला. पण पोरीचं शिक्षण होईस्तोवर तोच पाहिजे. मधी बदलायचा न्हाई."

"कायमचं?" त्याचा आवाज लोण्यासारखा झाला. "आत्ता निघतो, साहेब. मी स्वतः घेऊन येतो."

काय घेऊन येतो, हे मी विचारलं नाही. मला गहिवरून आलं होतं. एवढी कारली अंगावर पडूनही दोस्त धावून येतोय. त्यानं मला साहेब म्हटलं, तेव्हाच खरं म्हणजे समजायला पाहिजे होतं.

मी ऑफिसात जाऊन ऐटीत सांगितलं, पालक निघालाय. मॅडमनी घड्याळ पाहिलं. आम्ही बाकावर बसलो. बॅग लुंबिनीनं मांडीवरच ठेवली. पाच वाजायला आले तसा गेटावर हॉर्न वाजला आणि नीलाबाईनं आत आवाज दिला, "मॅडम, पालक आला."

"आत पाठवा, सही घेऊन टाकू."

नीलाबाईनं परत एकदा बाहेर वळून पाहिलं. मग म्हणाली, "सगळा आत मावायचा न्हाई."

आम्ही बाहेर आलो. गेटासमोर टेम्पो उभा. काठोकाठ हिरवागार, वर ओलं बारदान. दोन हमालांनी तोवर पहिल्या जुड्या पायरीवर मांडलेल्यासुद्धा. पाणी मारलेलं होतं. पालक असा टवटवीत, की कोणालाही वाटावं, हा पोरीची जबाबदारी घेईल.

मॅडमनी पालकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मघाशी मेथी झाली," त्या म्हणाल्या, "आता हे." आवाज चढला नाही, ते जास्त वाईट. त्या आत गेल्या आणि लुंबिनीचे कागद उचलून बाजूला ठेवले.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून मलप्पा उतरला. कपाळाला विभूती, धुतलेली टोपी, मोठ्या गिऱ्हाइकाकडं जायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट. हात जोडून 'साहेब कुठं हायत' म्हणत आला आणि मला पाहून थांबला.

"येंकट्या," तो हळूच म्हणाला.

मी सांगत होतो, अरे या वेळी खरंच, तुझी शपथ, पोरीची शपथ. मलप्पा रागावला की कानडीत शिरतो, तो 'होगप्पा होगो', म्हणजे जा बाबा जा, करत टेम्पो वळवायला सांगू लागला. दारातून मॅडम म्हणत होत्या, की या गृहस्थांवर विश्वास ठेवणं अवघड आहे. मलप्पा म्हणाला, मॅडम, तुम्हाला आज कळलं. दोघांची जन्मात ओळख नव्हती, पण माझ्याबद्दल त्यांचं मत एका क्षणात जुळलं. मी खरं बोलून राहिलो होतो आणि ऐकायला कोणी नव्हतं. टेम्पोवाल्यानं इंजिन चालू केलं.

तेव्हा लुंबिनी हलली. बॅग हातात घेऊन टेम्पोच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"आज्जा," ती मलप्पाला म्हणाली, "आबाचा भरोसा धरू नका. मी बी धरत न्हाई."

मलप्पा थांबला. हे त्याला पटण्यासारखं होतं.

"पण मला माघारी जायचं न्हाई. खोली मिळाली न्हाई तर आजच्या गाडीनं नेणार हायत मला. मॅडमला भाजी नको. नांदेडचं माणूस पाहिजे, माझ्यासाठी सही करणारं. पालक म्हंजे तुम्ही."

"मी?" मलप्पानं टेम्पोकडं वळून पाहिलं. "भाजी न्हाई?"

"भाजी न्हाई."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग लुंबिनीला विचारलं, "शिकनार ना पन? का ह्याच्यावानी दारातून परत?"

"शिकनार."

"मंग दाव, सही कुठं करायची."

आधार कार्ड त्याच्या खिशातच होतं, पत्ता नांदेडचा. मॅडमनी आधी कार्ड उजेडात धरून पाहिलं (माझ्या ओळखीचा म्हणून), मग सही घेतली. चावी लुंबिनीच्या हातात पडली. भरलेला टेम्पो परत नेणं बरं नसतं म्हणून मलप्पानं सगळा पालक होस्टेलच्या मेसला देऊन टाकला. त्या आठवड्यात पोरींनी पालकाचं वरण खाल्लं, पालकाच्या पुऱ्या खाल्ल्या, पनीर नसलेलं पालक पनीर खाल्लं. लुंबिनीला आपलं नाव कोणाला सांगावंच लागलं नाही. सगळं होस्टेल तिला 'पालकवाली' म्हणून ओळखत होतं. आधी शिव्या घालायला आलेल्या दोघी आता तिच्या खोलीत चहा प्यायला असतात.

निघताना मॅडम मलप्पाला म्हणाल्या, मुलीला भेटायला कोणाला सोडायचं ते आता तुम्ही ठरवायचं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय गेट उघडणार नाही. मलप्पानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला आवडली नाही.

पुढच्या महिन्यात मी धुरपताबाईनं केलेले तिळाचे लाडू घेऊन गेलो. नीलाबाईनं मला ओळखलं, लाडवाचा वास पण ओळखला. तरी म्हणाली, नियम आहे, लोकल पालकाला विचारावं लागंल. तिनं फोन लावला. पलीकडून टमाट्याची बोली ऐकू येत होती. ती 'हो, हो' करत राहिली, मला खालून वर पाहत राहिली, आणि फोन ठेवला.

"काय म्हणले?" मी विचारलं.

नीलाबाईनं लाडवाचा डबा माझ्या हातातून घेतला.

"लाडू घ्या म्हणले," ती म्हणाली. "बाहेरचा माल घेऊ नका."