टेबलावर जिवंत, कोपऱ्यात गतप्राण

"पाच मिनिटांचं काम आहे, बाबा! तुमचा चहा संपायच्या आत कॉम्प्युटर सुरू नाही झाला, तर नाव बदलीन!"

असं म्हणून जावईबापूंनी बाह्या सरसावल्या आणि घरच्यांचा रविवार तिथेच हातातून गेला.

तसा आत्मविश्वास वाटायला कारण होतं म्हणा. हा कॉम्प्युटर दुकानातून खोक्यासकट उचलून आणलेला नव्हताच मुळी. जावईबापूंनी एकेक भाग पारखून घेतला होता, व्हिडिओ बघत बघत स्वतःच्या हातांनी जोडला होता आणि सासरेबुवांना भेट दिला होता. एका बाजूला काच, काचेआड तीन पंखे, पंख्यांत लाल-निळे-हिरवे दिवे! सुरू केला की खोलीत सर्कस आल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून त्या घरात जावईबापूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते "बरं का" म्हणाले की सासरेबुवा रेडिओ बंद करायचे.

आणि सासरेबुवांना त्या कॉम्प्युटरचं वेड किती! निवृत्त मुख्याध्यापक माणूस. गुडघ्यांनी असहकार पुकारला तसं फिरणं बंद झालं, बरोबरीचे मित्र एकेक करून मुलांकडे राहायला गेले. दिवस खायला उठायचा. मग हा कॉम्प्युटर आला आणि त्यात रणगाड्यांच्या लढाईचा खेळ आला. चार जणांचा संघ. एक दंतवैद्य, एक नर्स, एक कॉलेजातली मुलगी आणि आपले सासरेबुवा. तिथे त्यांचं नाव 'हेडमास्तर'. बाकीचे तिघे "सर, डावीकडून येतायत!" असं ओरडले की सासरेबुवांचं वय निम्मं व्हायचं. त्या संध्याकाळी सहाला स्पर्धेचा उपांत्य सामना होता. चौघांतला एक जरी हजर नसला तरी संघ बाद! सासरेबुवा सकाळीच आंघोळ करून, गळ्यात हेडफोन अडकवून तयार होते.

आदल्या दिवशीच खोलीचा नवा रंग वाळला होता आणि रंगासाठी हलवलेला कॉम्प्युटर जावईबापूंनी स्वतः जागेवर लावला होता. फरशी पुसताना पाणी आत जाऊ नये म्हणून त्याच्याखाली एक जाडजूड लाकडी ठोकळा ठेवला आणि टेबलाखाली कोपऱ्यात ढकलून बसवला.

"बघा, कसा मापात बसलाय! सुताराला नसतं जमलं," ते म्हणाले होते.

आणि सकाळी बघतात तो काय! पुढचं बटण दाबलं की दिवे लागतात, पंखे गरगर फिरतात, पण पडदा मात्र काळा ठिक्कर.

जावईबापू टेबलाखाली शिरले. सासूबाई टॉर्च घेऊन शेजारी ओणव्या झाल्या.

"मी काय म्हणते, जावईबापू, तो वरचा भाग..."

"आई, तुम्ही फक्त टॉर्च धरा. हलवू नका."

सासूबाईंनी टॉर्च धरला. जावयाला शिकवायचं नाही, हा त्यांचा लेकीच्या लग्नापासूनचा नेम होता. जावई चुकला तरी तो आपला पाहुणाच.

"रॅम!" टेबलाखालून निदान आलं. "रॅम सैल झालीय. डायनिंग टेबलावर घ्यावं लागेल."

झालं! टेबलावरची फुलदाणी गेली, पेशंट आला. जावईबापूंनी बाजूची काच काढली, बोटाएवढ्या लांबीची रॅमची पट्टी उपसली आणि फर्मावलं, "खोडरबर!"

मुख्याध्यापकाचं घर. खोडरबराला काय तोटा! पट्टीची सोनेरी कड घासून घासून लख्ख केली, परत बसवली, पडदा जोडला, बटण दाबलं. टिंग! पडदा उजळला!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "जावईबापू, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

"त्यात काय, बाबा. निदान महत्त्वाचं."

मिरवत मिरवत कॉम्प्युटर कोपऱ्यात नेला. ठोकळ्यावर ठेवला. ढकलून मापात बसवला. बटण दाबलं. दिवे, पंखे... आणि काळा पडदा!

"असं कसं?" जावईबापू म्हणाले.

सासूबाई खाकरल्या. "मला वाटतं, ते..."

"ग्राफिक्स कार्ड, आई! दुसरं काही नाही. उचला!"

पुन्हा डायनिंग टेबल. चित्रं दाखवणारं ते विटेएवढं कार्ड काढलं, फुंकलं, बसवलं. टिंग! चालू! टाळ्या. जरा कमी. कोपऱ्यात नेला. बंद! मग पडद्याची वायर बदलली. टेबलावर चालू, कोपऱ्यात बंद. मग वीज पुरवणारा डबा सुटा करून परत जोडला, तेव्हा दोन स्क्रू उरले.

"हे जादाच देतात," असं म्हणून जावईबापूंनी ते खिशात टाकले. टेबलावर चालू. कोपऱ्यात बंद!

"त्याला तो कोपरा आवडत नसेल," सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली त्यांची बायको म्हणाली. "लहानपणी बाबा मला तिथेच उभं करायचे. मलाही नाही आवडायचा."

"तू मध्ये बोलू नकोस. माझी विचारांची साखळी तुटते!"

दुपार कलली. जेवणं उभ्या-उभ्याच झाली, कारण टेबलावर स्क्रू वाळत घातले होते. सासरेबुवा भीत भीत म्हणाले, "मी काय म्हणतो, इथेच डायनिंग टेबलावर खेळलो तर?"

"इंटरनेटची वायर त्या कोपऱ्यातच येते, बाबा. हातभरसुद्धा पुढे येत नाही. आणि तसंही, जागेवर चालला नाही तर मी जोडला कशाला? जागेवरच चालवून दाखवतो!"

इतक्यात दंतवैद्याचा फोन आला. सासरेबुवांनी स्पीकर लावला.

"सर, सहाला हजर ना? रविवारचा इमर्जन्सी पेशंट आलाय, त्याच्या तोंडात कापूस कोंबून बोलतोय. तुमच्याशिवाय आपण गेलोच म्हणून समजा!"

"येतो रे बाबा, येतो," सासरेबुवा म्हणाले, पण त्यांचा आवाज खोल गेला होता. फोन ठेवल्यावर ते हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसले. जावईबापूंना ते बघवेना. कपाळाला हात लावून त्यांनी विचार केला आणि एकदम चुटकी वाजवली.

"टेबलावर चालतो, कोपऱ्यात चालत नाही. म्हणजे दोष कॉम्प्युटरमध्ये नाहीच! दोष भिंतीत आहे! अर्थिंग!"

अर्थिंग या शब्दाची गंमत अशी, की तो म्हटला की समोरचा माणूस मान डोलावतो. सगळ्यांनी मान डोलावली. खात्री करायला स्वयंपाकघरातल्या प्लगमधून लांब वायर ओढून कोपऱ्यात आणली. तरी पडदा काळाच!

"म्हणजे वीज ठीक आहे," बायको म्हणाली.

"म्हणजे स्वयंपाकघराचंही अर्थिंग गेलंय!" जावईबापू म्हणाले. "वायरमनला बोलवा!"

वायरमन आला. त्याने प्लगमध्ये टेस्टर खुपसला, भिंतीला कान लावला आणि टकटक करून पाहिलं.

"जुनी वायरिंग दिसतीय. आतून कुजली असणार. फोडावं लागेल."

"काय फोडावं लागेल?" सासूबाईंनी विचारलं.

"भिंत! इथून सुरू करू, तिथपर्यंत जाऊ. नाहीच सापडलं तर पलीकडची भिंत बघू."

"किती वेळ लागेल?" जावईबापूंनी विचारलं.

"पाच मिनिटांचं काम आहे, साहेब!"

आपल्यासारखाच माणूस भेटल्याचा जावईबापूंना आनंद झाला. वायरमनने पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. नव्या कोऱ्या फिकट पिस्ता रंगाच्या भिंतीवर छिन्नी टेकली. हा रंग निवडायला सासूबाईंनी रंगाऱ्याला तीनदा परत पाठवलं होतं. हातोडा वर गेला...

"खबरदार!!"

वायरमनच्या हातून हातोडा सुटून त्याच्याच चपलेवर पडला. सासूबाईंनी टॉर्च खाली ठेवला, पदर खोचला आणि तरातरा टेबलाजवळ गेल्या.

"सरका सगळे! अहो, जरा पुढे ओढून उचला हे. तेवढं. बास!"

सासरेबुवांनी कॉम्प्युटर वीतभर पुढे ओढून बोटभर उचलला. सासूबाईंनी खालचा ठोकळा लाथेने उडवला. कॉम्प्युटर फरशीवर टेकला, त्याचं डोकं टेबलापासून सुटलं, सासूबाईंनी पुढचं बटण दाबलं आणि... टिंग! पडदा उजळला!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"वर ते छोटं बटण आहे ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "परत पहिल्यापासून सुरू करायचं, ते ठोकळ्यामुळे टेबलाच्या फळीला टेकून दाबलं जात होतं. ते दाबलेलं असेपर्यंत बिचारा पुढे जाणार कसा?"

"तुम्हाला माहीत होतं?" जावईबापूंनी विचारलं.

"टॉर्च धरला तेव्हाच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं? मी म्हटलं, त्यांचं ते बघतील. पण भिंतीवर आलात, मग माझा नाइलाज झाला."

जावईबापूंनी आशेने सासरेबुवांकडे पाहिलं. ते घाईघाईने चष्मा पुसायला लागले. "मलाही एकदा शंका आली होती म्हणा. पण तुम्ही 'निदान' वगैरे म्हणालात..."

वायरमन निमूटपणे पिशवी भरून निघून गेला. सहा वाजायला आले होते. सासरेबुवा खुर्चीत बसले, हेडफोन चढले आणि पलीकडून तिघांचा गलका ऐकू आला, "सर आले! सर आले!" त्यांचा चेहरा असा फुलला, की तो बघून जावईबापूंना मनापासून आनंद झाला. पण स्वस्थ बसवेल तर ते जावईबापू कसले! खिशातले दोन स्क्रू चाचपत ते हळूच टेबलाखाली वाकले.

"बाबा, तुमचं चालू द्या. हे दोन तेवढे लावून..."

"ए! हात लावू नकोस त्याला!"

सासरेबुवा आजवर जावयाशी अहो-जाहोशिवाय बोलले नव्हते! आता "ए" झालं आणि "नकोस"पण झालं. खुद्द सासरेबुवांच्या मात्र ते गावीही नव्हतं. ते रणगाडा घेऊन पुलाकडे निघाले होते.

"आता विषय निघालाच आहे," सासूबाई म्हणाल्या, "तर सांगूनच टाकते. तुम्ही दाराची बेल दुरुस्त केलीत ना, तेव्हापासून बेल दाबली की बाथरूमचा दिवा लागतो."

"अहो पण आई, मग तुम्हाला कळतं कसं कोण आलंय ते?"

"दिवा लागला की दार उघडतो. एकदा हे आत आंघोळ करत होते, तेव्हा पाहुणे अर्धा तास बाहेर उभे होते. आणि तुम्ही भिंतीवर ठोकलेली ती फळी! तिच्यावर डबा ठेवला की घरंगळतो. म्हणून आम्ही तिच्यावर उशा ठेवतो."

जावईबापू सोफ्यावर बायकोशेजारी जाऊन बसले. पुढची यादी त्यांनी ऐकली नाही, निदान तसा चेहरा तरी केला. मध्येच कोपऱ्यातून आरोळी आली, "जिंकलो रे!" आणि सासरेबुवा गुडघे विसरून उठले, थेट येऊन त्यांनी जावईबापूंच्या पाठीत असा धपाटा घातला, की तीन वर्षांचा सगळा अहो-जाहोपणा झटकून निघाला. धपाटा जोरात लागला, पण गोड लागला.

घरी परतताना मात्र जावईबापू मान खाली घालून चालत होते. बायकोने त्यांचा हात हातात घेतला.

"मनावर घेऊ नकोस हं. आईने एकदम सगळंच बाहेर काढलं. असं बोलायला नको होतं तिने."

"नाही गं. पण वाईट वाटतं."

"माझं बघ ना! लग्नाला तीन वर्षं झाली. मी कधी एका शब्दाने तरी बोलले? तू घरात काही दुरुस्त केलंस, की दुसऱ्या दिवशी तू ऑफिसला गेल्यावर मी निमूटपणे दुरुस्तीचा माणूस बोलावते."

जावईबापू रस्त्यातच थांबले. "म्हणजे... तो गिझर?"

"दोनदा."

"मिक्सर?"

"जाऊ दे ना आता. फार चांगला माणूस आहे रे तो. हल्ली तर मला बोलवावंही लागत नाही. सोमवार उजाडला की तोच फोन करून विचारतो, 'साहेब काल घरी होते का?'"