सुम्पेनोंचा आवाज

गाण्यांच्या सीडी दुकानात बर्न करून घ्यायच्या की कारखान्यात साच्यातून छापून, या वादात सुम्पेनोंच्या घरात आठवडाभर कुणी सुखानं जेवलं नव्हतं.

"पन्नास बर्न करा, वाटा. लोकांना आवडल्या तर पुढचं बघू," बायको लास्त्री म्हणाली.

"बर्न? बाजारात चोरीची गाणी विकतात तसली, खालून जांभळी? अख्खी हयात आपल्या जावाचं क्रोंचोंग संगीत गाण्यात घातली मी!"

"म्हणून तर म्हणते, आधी पन्नासच."

टोमणे कळायला कान लागतो. सुम्पेनोंनी सुराबायाच्या कारखान्याला फोन लावला. तिथे हजाराच्या खाली बातच नव्हती, आणि एकदा छापलं की चूक दुरुस्त होणार नव्हती. म्हणून कारखानेवाल्या बिचाऱ्यांनी आधी नमुना पाठवला: ऐका, होकार कळवा, मग छापतो.

आता गावच्या लुराहांच्या, म्हणजे मुखियांच्या आधी आपणच ऐकणं शोभतं का? सुम्पेनोंनी पाकीट न फोडता त्यांच्याकडे पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी अभिप्रायाला हजर झाले. लुराहांनी चहा पाजला, भाताची चौकशी केली, शेळ्यांची केली.

"सीडी सुंदर आहे," मग ते म्हणाले. "कानाला कसला म्हणून त्रास नाही."

लुराह सुंदर म्हणाल्यावर पुन्हा तपासायचं म्हणजे त्यांना खोटं पाडायचं. इतका उद्धटपणा जावात कोण करतो? होकार गेला.

हजार सीडी आल्या. गल्ली अंगणात जमली. व्हायोलिन वाजलं, उकुलेले वाजलं, सुम्पेनो डोळे मिटून स्वतःच्या आवाजाची वाट बघत बसले. पहिलं गाणं संपलं. दुसरंही संपलं.

"अहो, यात तुम्ही कुठं आहात?" लास्त्रीनं विचारलं.

सुम्पेनो कुठेच नव्हते. घाईत कारखान्याला नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग गेलं होतं. ते कपाळाला हात लावून बसले, तोवर शेजारच्या मार्नीबाईंनी माईक उचलून गायला सुरुवात केली. मग त्यांच्या सुनेनं. मग सगळ्यांनीच. जो तो गायला सीडी नेऊ लागला, महिन्याभरात घरात एकही उरली नाही.

सुम्पेनो पेटले. आपल्या आवाजातल्या पन्नास सीडी त्यांनी मुकाट्यानं बर्न करून घेतल्या, जांभळ्या तर जांभळ्या, आणि पहिली लुराहांना दिली. दोन दिवसांनी लुराह स्वतः दारात.

"नातीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायला सीडी हव्या होत्या."

"माझ्या आवाजातल्या ना?" सुम्पेनो गठ्ठा आणायला उठलेसुद्धा.

लुराहांनी चहाचा घोट घेतला. बाहेर बघितलं. आणखी एक घोट घेतला.

"तुमचा गळा अनमोल, सुम्पेनोराव. तो असा कुठंही वाटू नये. आम्हाला आपली ती पहिलीच, नुसत्या साथीची द्या."

इतक्या वर्षांत लुराहांनी आपल्या गाण्याला कितीदा सुंदर म्हटलं, ते सगळं सुम्पेनोंना एकदम आठवलं, आणि फार लागलं. आत लास्त्री कारखान्याशी फोनवर बोलत होती. "साचा मोडला नाहीत ना? हो, तेच. काहीही सुधारू नका."